दस्त्याच्या पोटातले लोखंड

लाकूड कापल्यावरही हलत राहते, हे वऱ्हाडातल्या सुताराला शिकवावे लागत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा जुन्या दारांच्या फळ्यांत फटी पडतात. मृग लागून चार पाऊस झाले की तीच दारे चौकटीत अडकायला लागतात. मेळघाटात हा फरक आणखी टोकाचा आहे. सेमाडोहला सिपना नदीच्या काठी उन्हाळ्यात सागाची पाने गळून जंगल उघडे पडते, हवेत ओल नावालाही नसते. जुलैत त्याच जागी दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. अशा हवेत लाकडी दस्त्याची रायफल वर्षभर ठेवली तर तिचे लाकूड उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. त्यात बसवलेले पोलाद मात्र होते तेवढेच राहते. दोघांच्या ओढाताणीतून जो ताण तयार होतो तो डोळ्यांना दिसत नाही, निशाणावर दिसतो. एका अंशाचा साठावा भाग एवढी नळी कलली तरी शंभर मीटरवर गोळी जवळजवळ तीन सेंटिमीटर सरकते, तीनशे मीटरवर नऊ.

प्रस्तुत पुस्तक या ओढाताणीच्या नेमक्या एका जागेविषयी आहे. बोल्ट-ॲक्शन रायफल उलटी धरली की चापाभोवतीची कमान दिसते, कमानीच्या पुढे एक पोलादी पट्टी, आणि पट्टीच्या वर, दस्त्याच्या पोटात, काडतुसांची पेटी. या सगळ्याला मिळून कारागीर ‘बॉटम मेटल’ म्हणतात. वरच्या बाजूला नळी आणि बोल्टचे घर, खालच्या बाजूला हे लोखंड, मध्ये लाकूड. आणि तिघांना एकत्र आवळणारे बहुधा दोनच स्क्रू. बऱ्याच शिकारी रायफलींमध्ये ही पेटी दस्त्यात कायमची बसवलेली असते आणि काडतुसे वरून एकेक करून भरावी लागतात. ती काढून त्या जागी हाताने घालता-काढता येणारे मॅगझिन घेणारे बॉटम मेटल बसवणे, हा या पुस्तकाचा विषय. ऐकायला तो फार लहान वाटतो. पण रायफलीच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातले मोठे वाद याच जागी झालेले आहेत, आणि कारागिराचा हात कसा आहे हेही याच जागी कळते.

मेळघाटच्या माणसाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. सातपुडा आणि रायफल यांचा संबंध जुना आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हे नाव आपल्याकडे १८७१ साली निघालेल्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकामुळे माहीत आहे. सातपुड्यातले सागाचे जंगल, कोरकूंची वस्ती, गवे आणि वाघ यांची त्यात आलेली वर्णने अभ्यासक अजून वाचतात. त्याच फॉर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ किती असावा आणि दारू किती भरावी, यावर त्याने मांडलेले मत पुढे अनेक वर्षे बंदूककारांच्या वादाचा विषय झाले. त्याच्या काळी ठासणीची बंदूक अजून जात होती आणि मागून भरायची नुकती येत होती. तोंडाने दारू ठासायची तोवर दस्त्याच्या पोटात पेटी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला आणि पुढे १५ डिसेंबरला गाविलगडावर वऱ्हाडाचे भवितव्य ठरले, ते अशाच एका वेळी एक गोळी टाकणाऱ्या बंदुकांनी.

आज परिस्थिती पूर्ण पालटली आहे आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. त्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची नोंद करावी लागते. सेमाडोहच्या नाक्यापलीकडे खासगी रायफलीला जागा नाही. हे पुस्तक शिकारीचे नाही, ही गोष्ट पहिल्याच पानावर स्पष्ट असावी असा लेखकाचा आग्रह होता आणि तो मला मनापासून पटतो. ज्यांच्या हातात रायफल कायद्याने येते असे लोक आपल्याकडे आहेत: नेमबाज, पोलिस, वनरक्षक, रोही आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेले पीकसंरक्षण परवानाधारक शेतकरी, आणि वाडवडिलांची रायफल वारशाने आलेली घराणी. त्यांना आपल्या हातातली वस्तू समजली पाहिजे.

आता थोडा इतिहास. प्रशियाने १८४१ साली स्वीकारलेली ड्रायझेची सुईची बंदूक ही सैन्यात मोठ्या प्रमाणावर आलेली पहिली बोल्ट-ॲक्शन. कडीसारखा बोल्ट मागे ओढायचा, काडतूस ठेवायचे, पुढे ढकलून खाली वळवायचे. मूळ कृती आजही तीच आहे. तिच्यानंतरच्या पन्नास वर्षांत सगळ्या युरोपला एकच चिंता होती, ती म्हणजे दुसरे काडतूस कुठे ठेवायचे. फ्रान्सच्या १८८६ च्या लेबेल रायफलीने ती नळीखालच्या लांब नळकांड्यात ठेवली, एकामागे एक. तिथे एका गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते, आणि प्रत्येक बाराबरोबर वजन पुढून कमी होत जाऊन रायफलीचा तोल बदलतो. पेटी बोल्टच्या खालीच हवी, हे उघड होते. पण कशी पेटी, यावर मतभेद झाले.

जेम्स पॅरिस ली याने १८७९ मध्ये पेटंट घेतले ते चापाच्या पुढे बसणाऱ्या, स्प्रिंगने काडतुसे वर ढकलणाऱ्या आणि रायफलीपासून वेगळ्या होणाऱ्या पेटीचे. आपण आज ज्याला मॅगझिन म्हणतो त्याचा हा पाया. ऑस्ट्रियाच्या मानलिखरने काडतुसे पत्र्याच्या क्लिपसकट आत टाकण्याची पद्धत काढली. शेवटचे काडतूस वर गेले की रिकामी क्लिप खालून गळून पडते. जर्मनीत ओबर्नडॉर्फच्या माउझरने १८९३ पासून काडतुसे दोन ओळींत आडवी-तिरपी रचून पेटी दस्त्याच्या आतच मावेल एवढी बुटकी केली, आणि १८९८ च्या नमुन्यात तिला इतका नेटका आकार दिला की पुढच्या शतकातल्या बहुतेक शिकारी रायफली तिचीच लेकरे आहेत. कमान आणि पेटी एकाच पोलादी तुकड्यात, खाली एक पट्टी, दोन स्क्रू. खालून काहीच बाहेर येत नाही, हातात धरायला सोपे, झुडपात अडकायला काही नाही. माउझरची ही रचना आजही मला यंत्रकामातली एक उत्तम कृती वाटते.

ब्रिटिशांनी लीची पेटी घेतली, पण तिच्यावर भरवसा ठेवला नाही. सुरुवातीच्या ली-मेटफर्ड रायफलींना मॅगझिन एका कडीने कमानीला बांधलेले असे, शिपायाने ते हरवू नये म्हणून. मॅगझिन काढून दुसरे लावायचे नाही. ते रायफलीतच ठेवून वरून भरायचे, हीच शिकवण होती. यामागे फक्त कंजूषपणा नव्हता. ली-एनफिल्डची मॅगझिने एका रायफलीतून काढून दुसरीत घातली की दर वेळी नीट चालतील असे नसे. पत्र्याच्या ओठांचा किंचित वाक, पेटी किती वर बसते, खाच किती घासली आहे, यांवर सगळे अवलंबून असे. म्हणून मॅगझिन त्या-त्या रायफलीला जुळवलेले असायचे. काढता येणे आणि कुठलेही कुठेही बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान शंभर वर्षांपूर्वीच्या हत्यारखान्यातल्या लोकांना होते. आज बाजारातून तयार बॉटम मेटल आणून बसवू पाहणाऱ्याला तेच पुन्हा शिकावे लागते, आणि बहुधा दस्ता कोरून झाल्यावर.

महाराष्ट्रातल्या वाचकाला .३०३ ची ओळख वेगळी करून द्यायला नको. कॉलेजात एनसीसी केलेल्या दोन-तीन पिढ्यांनी तिचे ‘खोलना-जोडना’ केले आहे, आणि गावोगावच्या पोलिसाच्या खांद्यावर ती दशकानुदशके होती. ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनायची. विषयाच्या दृष्टीने भारतातले सगळ्यात महत्त्वाचे प्रकरण तिथेच घडले. १९६२ च्या युद्धानंतर सैन्याला ७.६२ मिलिमीटरचे नवे काडतूस मिळाले. ते फक्त स्वयंभरण रायफलीतच चालवायचे, तर तेवढ्या रायफली तयार होईपर्यंत बाकीच्यांनी काय वापरावे? ईशापूरने जुनी, खात्रीची ली-एनफिल्ड या काडतुसासाठी नव्याने बनवली. १९६३ ची टू-ए आणि १९६५ पासूनची टू-ए-वन या तिच्या आवृत्त्या. नव्या काडतुसाचा दाब सहन व्हावा म्हणून पोलाद सुधारले, आणि टू-ए-वनच्या नेमाची खूण दोन हजार मीटरांवरून आठशे मीटरांवर आणली.

पण डोळ्यांत भरणारा बदल खाली होता. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला ती नसते. कडेची काडतुसे मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यावी लागते, नाहीतर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून .३०३ चे मॅगझिन खालून तिरपे, बाकदार असते. बिनकडेच्या काडतुसांना ती तिरकस जागा नकोच असते. ईशापूरने टू-ए साठी सरळ, चौकोनी मॅगझिन केले, आणि तेच या रायफलीला दुरून ओळखण्याची खूण झाली. ब्रिटनने १९७० च्या सुमारास आपल्या जुन्या ली-एनफिल्डवरून एल-४२ ही नेमबाज रायफल केली तेव्हा त्यांनाही याच कारणासाठी नवे मॅगझिन करावे लागले. काडतूस बदलले की मॅगझिन बदलते, मॅगझिन बदलले की दस्त्याची खाच आणि चापाची कमान बदलते. ही साखळी कुठेच मधून तुटत नाही. बॉटम मेटल बसवणाऱ्याला हे प्रकरण नीट समजले तर निम्मे काम समजले, असे मी म्हणेन.

ईशापूरची आणखी एक खूण इथे सांगायलाच हवी. तिथल्या रायफलींच्या दस्त्याच्या पुढच्या भागात आडवा स्क्रू घातलेला दिसतो. तो लाकूड फाटू नये म्हणून आहे. चांगले अक्रोडाचे लाकूड नेहमी मिळत नसे, आणि बाराचा धक्का लाकडाच्या ज्या छोट्या जागेवर बसतो तिथे फट पडली की सगळी बैठक बिघडते. परतवाड्याच्या डेपोत मेळघाटचा साग पाहिला की कोणालाही वाटेल की याचा दस्ता का करू नये. साग दारे-खिडक्यांना उत्तम, पण त्यातल्या तेलामुळे त्याला डिंक नीट धरत नाही आणि धक्क्याला तो धाग्याच्या रेषेत फुटण्याची भीती असते. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपल्याकडे साग सोडून धावडा का घेतात, हे माहीत असलेल्याला याचे नवल वाटणार नाही. दस्त्यासाठी जगभर अक्रोडच श्रेष्ठ मानला गेला, तो दिसतो सुंदर म्हणून आणि ऋतूंमध्ये कमी हलतो म्हणून.

नागरिकांच्या हातातल्या रायफलींची गोष्ट वेगळी होती. सरकारी काडतूस जनतेच्या हाती नको म्हणून ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .३०३ नागरिकांना बंद केली. मग त्याच ली रचनेत .३१५ ही वेगळी रायफल आली. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखरच्या आठ मिलिमीटर काडतुसाचेच. स्वातंत्र्यानंतर ईशापूरनेही .३१५ बनवली, आणि आजही गावाकडच्या परवान्यावर ‘रायफल’ म्हणून बहुधा हीच लिहिलेली असते. तिला पाच काडतुसांचे काढता येणारे मॅगझिन मुळातच आहे, आणि तिचे काडतूस कडेचे असल्याने भरताना वर सांगितलेली काळजी तिलाही लागू आहे. म्हणजे भारतातल्या साध्या शेतकऱ्याच्या हातात लीची परंपरा आहे, आणि जुन्या वाड्यांतल्या, कधीकाळी परदेशातून आलेल्या माउझर किंवा विंचेस्टरमध्ये स्थिर पेटीची परंपरा आहे. दुसऱ्या गटातल्या रायफलींकडे पाहताना हे पुस्तक विशेष उपयोगी पडेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे शिकारी रायफलीचे केंद्र अमेरिकेत गेले. १९३६ ची विंचेस्टर मॉडेल ७० आणि १९६२ ची रेमिंग्टन ७०० या दोन्ही माउझरच्या वाटेने गेल्या. रेमिंग्टनच्या एका प्रकारात पेटी खालून पूर्ण बंद, दुसऱ्यात खालची पट्टी बिजागरीवर उघडणारी. काढते मॅगझिन त्या काळच्या शिकाऱ्याला नकोसेच वाटे. ते पालटले ते ब्रिटनमधून, एका नेमबाजामुळे. माल्कम कूपरने १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात सुवर्णपदक मिळवले. याच प्रकारात कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणले. कूपरने मित्रांसोबत १९७८ मध्ये ‘ॲक्युरसी इंटरनॅशनल’ ही कंपनी काढली. तिच्या रायफलीत लाकडाला पोटात जागाच उरली नाही. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बोल्टचे घर बसवायचे, प्लॅस्टिकच्या कवचाने तो झाकायचा, आणि खाली काढता येणारे मॅगझिन. ब्रिटिश सैन्याने १९८० च्या दशकात ती एल-९६ या नावाने घेतली. पुढे या कंपनीने रेमिंग्टन ७०० साठी तयार सांगाडा विकायला काढला आणि त्याच्या मॅगझिनचा आकार हळूहळू सगळ्यांचाच आकार झाला. कंपनी कोणतीही असो, मॅगझिन ‘एआयसीएस’, म्हणजे याच सांगाड्याच्या, नमुन्याचे. अमेरिकेच्या बॅजर ऑर्डनन्सने त्यासाठी केलेल्या ‘एम ५’ बॉटम मेटलची खाचही तशीच सर्वमान्य झाली. दस्ते करणारे आज एम ५ ची खाच कोरूनच दस्ता विकतात. बाजारात मिळणाऱ्या सुट्या बॉटम मेटलचा सगळा पसारा या एका प्रमाणीकरणातून उभा राहिला आहे.

नेमबाजीचे उदाहरण निघाले आहे तर त्याची दुसरी बाजूही पाहावी. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवले. या प्रकारात रायफलीत एका वेळी एकच गोळी भरायची असते. पोटात मॅगझिनची खाच नसते, म्हणून बोल्टचे घर खालून अखंड राहते आणि अधिक ताठ. खाच कोरणे म्हणजे ताठपणा थोडा गमावणे. मॅगझिन हवे तर ही किंमत मान्य करून ती भरून कशी काढायची, हा बैठकीचा प्रश्न आहे.

बैठकीच्या बाबतीत तीन मते आहेत. जुन्या कारागिरांचे मत असे की लाकूड पोलादाला इतके तंतोतंत कोरावे की मध्ये काहीच लागू नये. पोलादाला काजळी लावून, ठसा पाहून, छिन्नीने थोडे-थोडे काढत जाणे हीच त्यांची विद्या. दुसऱ्यांनी लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये राळेचा पातळ थर द्यायला सुरुवात केली, म्हणजे कोरणीतली चूक आणि हवेतला फरक दोन्ही झाकले जातात. तिसऱ्यांनी स्क्रूच्या जागी धातूचे ठोकळे बसवले किंवा सगळाच ॲल्युमिनियमचा सांगाडा केला, म्हणजे स्क्रू आवळला तरी दाबायला लाकूडच उरत नाही. माझा कल दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मिलाफाकडे आहे. आपल्या हवेत नुसत्या लाकडी बैठकीवर विसंबणे मला अवघड वाटते, आणि चांगल्या अक्रोडाचा दस्ता फेकून देणेही. पहिल्या मताच्या कारागिरांबद्दल मात्र मला फार आदर आहे. त्यांची काजळीची विद्या बाकीच्या दोन्ही पद्धतींत तितकीच लागते.

मॅगझिन येते ते या बैठकीत आणखी एक प्रश्न घेऊन. पेटी जरा वर बसली तर बोल्ट काडतुसांवर घासत जातो. जरा खाली बसली तर बोल्ट काडतुसावरून निसटून पुढे जातो आणि रायफल नळीच्या बुडाशी असलेल्या रिकाम्या कोठीवर बंद होते. मॅगझिनचे तोंड बोल्टच्या घराला खालून टेकून दाबत असेल तर प्रत्येक वेळी मॅगझिन घातल्यावर नळीवरचा ताण बदलतो आणि गोळ्यांचा गट सरकतो. बॉटम मेटलने लाकडालाच ओढले आणि धातूला धातू भिडले नाही, तर स्क्रू किती आवळला यावर निशाण अवलंबून राहते. सांगाड्यांच्या बाबतीत ६५ इंच-पाउंडांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण लाकूड मध्ये असेल तर कोणताच आकडा कायम राहत नाही. नव्या बॉटम मेटलबरोबर आलेला पुढचा स्क्रू किंचित लांब असेल तर तो वर घुसून बोल्टच्या दातांच्या जागेत शिरतो, बोल्ट पुरता बंद होत नाही. ही शेवटची गोष्ट निशाणाची नाही, जिवाची आहे. लेखकाने तिला योग्य तेवढी जागा दिली आहे.

मग काढते मॅगझिन घ्यावे की नाही? गाडीतून किंवा रेंजवर जाताना मॅगझिन काढले आणि बोल्ट उघडून कोठी पाहिली की रायफल रिकामी आहे हे सगळ्यांना दिसते. खालून बंद असलेल्या स्थिर पेटीतून पाच काडतुसे बोल्ट चालवून एकेक बाहेर काढावी लागतात, आणि अपघात नेमके त्याच वेळी होतात. हा फायदा मोठा आहे. पण मॅगझिन हरवले तर उरते एका गोळीची रायफल, आणि आपल्याकडे दुसरे सहजी मिळत नाही. ज्या रायफलीला स्पर्धा किंवा नोकरी नाही, जिला वर्षातून एकदाच बाहेर यायचे आहे, तिला बिजागरीची पट्टी पुरते. आजोबांच्या मूळ दस्त्यावर छिन्नी चालवून नवी खाच कोरू नये, हे माझे ठाम मत आहे. हवेच असेल तर नवा दस्ता करून त्यात नवे लोखंड बसवावे. जुना तसाच तेल लावून ठेवावा.

हा विषय आत्ताच का, याचे कारण कायद्यातही आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आणणे जवळजवळ बंद झाले. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. म्हणजे घरात आहे तीच रायफल जपून वापरायची. दुसरीकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी खासगी उत्पादकांना वाट मोकळी केली, आणि आता बंगळुरूची एसएसएस डिफेन्स ‘वायपर’ व ‘सेबर’ या भारतीय बनावटीच्या बोल्ट-ॲक्शन रायफली करते. सरकारी कारखान्यांची २०२१ मध्ये सात कंपन्यांत विभागणी झाली. १८६९ पासूनचा खडकीचा आणि भुसावळजवळचा वरणगावचा हे काडतूस कारखाने आता पुण्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे आहेत. म्हणजे काडतूस आपल्या अंगणात बनते, रायफल देशात बनते. पण दोघांच्या मधल्या लोखंडाची बैठक कशी करावी यावर मराठीत काही नाही. शिकलगारांची आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने वऱ्हाडात एकेक करून बंद होत आहेत. त्यांच्या मुलांनी वेगळे व्यवसाय धरले, आणि बापाच्या हातातले ज्ञान कागदावर उतरलेच नाही. याचे मला खरेच वाईट वाटते.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करणे हा परवान्याचा व्यवसाय आहे, आणि शस्त्राचे सुटे भागही कायद्याने शस्त्रातच मोडतात. म्हणून परवानाधारक वाचकाने हे पुस्तक स्वतः छिन्नी उचलण्यासाठी वाचू नये. परवानाधारक कारागिराकडे गेल्यावर त्याला नेमके काय विचारावे, काम परत घेताना काय तपासावे, आणि कुठल्या कामाला नाही म्हणावे, हे कळण्यासाठी वाचावे. कारागिराने मात्र त्यातली मापे आणि पायऱ्या नीट तपासून घ्याव्यात. लेखकाने आकृत्या काढताना रायफलीच्या एकाच नमुन्याला चिकटून न राहता माउझर, ली आणि रेमिंग्टन या तीन घराण्यांची तुलना केली आहे. त्यामुळे मजकूर कुठे कुठे लांबतो, पण ज्याच्याकडे यांपैकी एकच आहे त्यालाही आपली रायफल कोणत्या परंपरेतून आली ते समजते. बाजारातल्या कंपन्यांची शिफारस पुस्तकात नाही. मॅगझिनमध्ये जास्त काडतुसे मावावीत म्हणून काय करावे, असले काहीही त्यात नाही, आणि ते नसावे यावर लेखकाचे आणि माझे एकमत होते.

लाकूड, पोलाद आणि त्यांच्या मधली केसाएवढी जागा या तिन्हींवर प्रेम असल्याशिवाय असे पुस्तक लिहून होत नाही. परतवाडा, अकोट, अमरावती, अकोला किंवा महाराष्ट्रात कुठेही ज्यांनी जुन्या रायफलींचे दस्ते कोरले आहेत, त्यांनी आपल्याकडची मापे, काजळी लावण्याच्या पद्धती आणि लाकडांचे अनुभव लेखकाला अवश्य कळवावेत. पुढच्या आवृत्तीत ते त्यांच्या श्रेयासह छापले जातील.